जोकर नसलेली रमी

यवतमाळ जिल्ह्यात रमी कुणी कुणाला शिकवत नाही. मोठ्या माणसांच्या पाठीमागे बसून, त्यांच्या हातातली पानं चोरून बघत ती येते. वणी असो, पुसद असो की दारव्हा, लग्नाच्या आदल्या रात्री पाहुणे आडवे व्हायला लागले की सतरंजीच्या एका कोपऱ्यात तेरा-तेरा पानं वाटली जातात आणि "लाइफ लागली का बे?" ही चौकशी सुरू होते. यवतमाळचा दुर्गोत्सव तर विदर्भभर गाजलेला. तिथे मंडपाची राखण नावाचं एक पवित्र कर्तव्य असतं. देवीचे दागिने सांभाळायला चार जण पुरतात आणि रमीलाही चार जण बरे पडतात, हा योगायोग मंडळांनी फार पूर्वीच ओळखला आहे.

रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात म्हटलं. ज्या काकांनी जन्मात दुसरं निकालपत्र वाचलेलं नाही, त्यांनाही हा निकाल पाठ असतो. कोर्टाने कौशल्य म्हटलं, पुढे सरकारने त्यात क्रीडाही पाहिली. २०२५च्या पावसाळी अधिवेशनात तत्कालीन कृषिमंत्री सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याचा व्हिडिओ राज्यभर फिरला. आपण खेळत नव्हतो, आलेला खेळ बंद करत होतो, असा खुलासा त्यांनी केला. जुलै संपता संपता त्यांचं कृषी खातं गेलं आणि मिळालं ते क्रीडा खातं. कापसाच्या जिल्ह्यात यावर जे बोललं गेलं, त्यातलं बरंचसं छापण्यासारखं नाही.

तर अशा तेरा पानांच्या संस्कारात वाढलेला माणूस जपानी माहजोंगच्या जुन्या व्हिडिओ गेमसमोर बसतो, तेव्हा काय होतं, हा इथला विषय आहे. असे शौकीन फार नाहीत. पण जे आहेत, ते बघण्यासारखे आहेत.

या शौकाचं मूळ नव्वदच्या दशकातल्या टीव्ही गेममध्ये सापडतं. 'समुराई', 'मीडिया' अशा नावांनी ही यंत्रं घरोघरी आली. त्यातली बहुतेक जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिली कॉम्प्युटर या यंत्राची भावंडं होती, काही सख्खी, बरीचशी मानलेली. मूळ यंत्र जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी १४,८०० येनला बाजारात आलं आणि दीड महिन्यात, २७ ऑगस्टला, त्याच्यासाठी माहजोंगचा गेम निघाला. मारिओ नावारूपाला येण्याच्या दोन वर्षं आधी. त्याच्या वीस लाखांहून जास्त प्रती खपल्या. पुढच्या वर्षी हडसन कंपनीने चार जणांच्या डावाचा गेम बनवला, तोही धो धो चालला. एकोणिसाव्या शतकात, १८८९ मध्ये, निन्टेन्डो सुरू झाली तीच मुळी पत्ते विकण्यासाठी, हे ध्यानात घेतलं तर यात नवल काही नाही.

या दोन्ही गेमना कुणी निमंत्रण दिलेलं नसताना ते विदर्भात पोचले. '९९९९ इन वन' अशी बढाई मारणाऱ्या कॅसेटमध्ये खरे गेम पन्नाससुद्धा नसत. एकच रणगाडा वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा येई. यादी फुगवायला कॅसेटवाल्यांनी हाताला लागेल ते कोंबलं, आणि त्यात माहजोंगही कोंबलं गेलं. काँट्रा आणि रोड फायटर शोधत खाली उतरणारी पोट्टी चुकून त्यावर बटण दाबत. पडद्यावर विटांची एक ओळ येई. काही विटांवर गोल, काहींवर काड्या, काहींवर अगम्य अक्षरं, एकीवर पक्षी. उडी मारता येत नाही, गोळी सुटत नाही. एक वीट तर अगदी कोरी. म्हणजे कॅसेटमध्ये धूळ गेली. कॅसेट काढायची, जोरात फुंकायची, परत घालायची. वीट कोरीच. जपानी माहजोंगमध्ये तिन्ही ड्रॅगनांपैकी पांढरा ड्रॅगन कोराच असतो, हे त्या फुंकणाऱ्यांना सांगायला तेव्हा यवतमाळच्या दत्त चौकातही कुणी नव्हतं.

बहुतेकांनी रीसेट दाबलं आणि पुढचं आयुष्य सुखाने काढलं. काहींच्या मनात मात्र तो पक्षी राहिला.

आता चाळिशीत आलेला हा गडी नोकरी करतो, ईएमआय भरतो आणि रात्री घर झोपल्यावर लॅपटॉपवर जुनी यंत्रं चालवणारं सॉफ्टवेअर उघडतो. त्याचे सोबती असंच सॉफ्टवेअर उघडून 'मुस्तफा' खेळतात, म्हणजे कॅपकॉमचा १९९३ सालचा तो डायनासोर-गाड्यांचा गेम, ज्याचं खरं नाव आपल्याकडे कुणाला कधी लागलंच नाही. याला मात्र त्याच कॅपकॉमने १९८७ साली माहजोंगपटू इदे योसुके यांच्या नावाने काढलेला गेम हवा असतो. त्या गेमसोबत कंपनीने माहजोंगसाठी खास कळांची पट्टीही दिली होती, ही माहिती तो बायकोला देतो. बायको 'हो का?' म्हणते. इतक्या थोडक्यात इतका मोठा अभिप्राय फक्त बायकाच देऊ शकतात.

त्याच्या दुःखाचा पहिला भाग असा की लोकांना माहजोंग माहीत आहे असं वाटतं. "हां, ते ऑफिसात खेळायचो ते!" ते म्हणजे विंडोज व्हिस्टाबरोबर आलेलं माहजोंग टायटन्स. सारख्या जोड्या शोधायच्या आणि ढीग उपसायचा. त्या प्रकाराचा माहजोंगशी संबंध फक्त टाइलपुरता. ब्रॉडी लॉकार्ड नावाच्या अमेरिकन माणसाने १९८१ साली तो प्लेटो या संगणक-जाळ्यावर तयार केला आणि १९८६ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजनने 'शांघाय' नावाने विकला. सरकारी कचेऱ्यांतल्या कित्येक दुपारी त्याने खाल्ल्या. त्याला माहजोंग म्हटलेलं ऐकलं की आपला शौकीन असा कळवळतो, जणू कुणी पत्त्यांच्या बंगल्याला रमी म्हटलं.

खऱ्या माहजोंगचा सांगाडा रमीवाल्याला पाच मिनिटांत कळतो, आणि घात होतो तो इथेच. हातात तेरा टाइल. एक उचलायची, चौदा झाल्या, एक टाकायची. तीन रंग, एक ते नऊ. त्याशिवाय चार वारे आणि तीन ड्रॅगन. चौतीस प्रकार, प्रत्येकी चार, एकूण १३६ टाइल. तिनाचे चार संच आणि एक जोडी जमली की डाव पुरा. दुसऱ्याने टाकलेली टाइल उचलता येते, क्रम लावायचा असेल तर फक्त आपल्या डाव्या हाताच्या खेळाडूची. यवतमाळच्या माणसाला हे सगळं आईच्या दुधाबरोबर मिळालेलं असतं. तो खूश होतो. "अबे, हे त रमीच हाय!" असं स्वतःशी म्हणतो आणि दुसऱ्यांच्या टाइल उचलत भराभर संच लावतो. समोरून हवी ती चौदावी टाइल पडते, हात पूर्ण होतो.

आणि गेम काही करत नाही.

जिंकल्याचं बटण उजळत नाही. पलीकडचा कॉम्प्युटर आपली पुढची टाइल शांतपणे टाकतो. इथे नवशिक्या पहिल्यांदा लॅपटॉपच्या कळफलकावर संशय घेतो, मग सॉफ्टवेअरवर, मग जपानवर. भानगड अशी की जपानी माहजोंगमध्ये हात नुसता पुरा होऊन भागत नाही, त्यात किमान एक 'याकू' लागतो, म्हणजे ठरलेल्या नमुन्यांपैकी एक. सगळ्या टाइल दोन ते आठमधल्याच, किंवा ड्रॅगनचं त्रिकूट, किंवा पूर्ण हात एकाच रंगाचा, असे काही डझन नमुने. रमीवाल्याने खरं तर हे हसत समजून घ्यायला हवं. लाइफशिवाय, म्हणजे जोकर नसलेल्या क्रमाशिवाय, डिक्लेअर केलं की ऐंशी पॉइंट डोक्यावर बसतात, हे त्याला लहानपणीच शिकवलेलं आहे. पण लाइफ एकच असते. याकू डझनांनी असतात आणि त्यांची यादी जपानीत असते.

मग भाषांतराचा टप्पा येतो. शौकीन मोबाइलचा कॅमेरा पडद्यावर धरतो. १९८३ सालच्या यंत्राला अक्षरासाठी आठ गुणिले आठ ठिपक्यांचा चौकोन मिळायचा. एवढ्या जागेत चिनी वळणाचं अक्षर मांडणं म्हणजे तांदळाच्या दाण्यावर शिवमहिम्न. आजची हुशार अ‍ॅप्स त्या ठिपक्यांकडे बघून जे काही भाषांतर देतात, त्यावरून डाव खेळण्यापेक्षा पंचांगावरून खेळलेला बरा. शेवटी तो टाइलचे आकडे एका वहीत काढून पाठ करतो. चाळिशीतला बाप एक ते नऊ लिहायला शिकतोय, हे बघून घरातल्या शाळकरी मुलीला जो आनंद होतो, तो लपत नाही.

फुरितेन हा यापुढचा घाट. जी टाइल लागून आपला हात पुरा होणार आहे, ती आपणच आधी टाकून बसलो असू, तर दुसऱ्याने तीच टाकली तरी तिच्यावर जिंकता येत नाही. स्वतः उचलून आली तर चालते, दुसऱ्याची चालत नाही. इंग्रजी मार्गदर्शिकांना हा नियम समजावायला दोन-दोन पानं लागतात. वऱ्हाडात एका ओळीत काम होतं: थुंकलेलं चाटायचं नाही.

आणि रीच! हात एका टाइलने अडलाय, आणि आपण कुणाची टाइल उचलून पानं उघडी केलेली नाहीत, की खेळाडू मोठ्याने 'रीच' म्हणतो, हजार पॉइंटांची काडी मधे ठेवतो आणि तिथून पुढे त्याला हात बदलता येत नाही. जे येईल ते टाकायचं आणि वाट बघायची. म्हणजे हल्ला करण्याआधी सगळ्या जगाला ओरडून सांगायचं की मी हल्ला करतोय. रमीवाल्याला हा शुद्ध वेडेपणा वाटतो. त्याचं आयुष्य चेहरा कोरा ठेवण्यात गेलेलं असतं. पण इतिहासाने इथे एक गंमत करून ठेवली आहे. सातव्या शतकात, इसवी सन ६४१च्या आसपास, चिनी प्रवासी युआन श्वांग पुलकेशीच्या राज्यात आला आणि महाराष्ट्रातल्या माणसांबद्दल त्याने लिहून ठेवलं की ही माणसं मानी आहेत, अपमान विसरत नाहीत आणि सूड घ्यायचा झाला तर शत्रूला आधी सूचना देतात, मगच शस्त्र उचलतात. हे वर्णन वाचून कुणाचीही छाती फुगते. रीचची काडी ठेवताना ती फुगवायला काही हरकत नाही. मधल्या जवळजवळ चौदाशे वर्षांत आपल्या माणसांनी सूचना देणं बंद करून थेट व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणं सुरू केलं, तो भाग वेगळा.

याच युआन श्वांगच्या प्रवासावर चीनमध्ये माकडराजाची ती प्रसिद्ध कादंबरी रचली गेली आणि त्या माकडराजावरून जपानमध्ये माहजोंगचा गेम झाला. नोव्हेंबर १९९४ मध्ये सेगा सॅटर्न हे यंत्र बाजारात आलं, तेव्हा पहिल्याच दिवशीच्या मोजक्या गेममध्ये 'माहजोंग गोकू तेन्जिकू' होता. तेन्जिकू म्हणजे भारत. धर्मग्रंथ आणायला निघालेली मंडळी आणि माहजोंगचे डाव, अशी ही यात्रा. एरवी भारतात यायला लोकांना व्हिसा लागतो, इथे याकू लागतो.

जपानमध्ये नवं यंत्र आणि माहजोंग यांचं असं लग्न वारंवार लागलं आहे. निन्टेन्डोचा गेम बॉय १९८९ साली निघाला, पहिल्या दिवशी मारिओच्या शेजारी 'याकुमान' नावाचा माहजोंग गेम बसलेला. १९९० मध्ये निओ जिओ आलं, त्याच्याही पहिल्या खेपेत माहजोंग. आपल्याकडच्या व्हिडिओ पार्लरमध्ये निओ जिओ म्हणजे मारामारी, मेटल स्लग आणि एक रुपयाचं नाणं. त्याच यंत्रासमोर ओसाकातला कुणी कारकून ऑफिस सुटल्यावर शांतपणे वारे आणि ड्रॅगन लावत होता, ही कल्पनाही आपल्या पार्लरवाल्याला सोसली नसती. नाणं टाकून विचार करत बसणारं गिऱ्हाईक त्याने कान धरून बाहेर काढलं असतं.

जपानी पार्लरमधली माहजोंगची यंत्रं तर निराळंच प्रकरण. त्यांना दांडा नसतो. टेबलावर चौदा टाइलसाठी ए पासून एन पर्यंत चौदा कळा, आणि त्याशिवाय पोन, ची, कान, रीच, रोन या डावातल्या हाकांच्या कळा. लॅपटॉपवर ही यंत्रं चालवायची तर तेवढ्या कळा आपल्या कळफलकावर येतात. मराठी टायपिंगची परीक्षा दिलेल्या माणसाला हे जड जाऊ नये, पण जातं, कारण इथे चूक झाली तर गुण कापत नाहीत, जपलेली टाइल फेकली जाते. शिवाय नाणं खाणारं यंत्र प्रामाणिक असावं अशी अपेक्षा धरणं भाबडेपणाचं. अशा यंत्रांतला प्रतिस्पर्धी पहिल्या-दुसऱ्या फेरीतच रीच म्हणतो, आणि ज्या सुखाने म्हणतो त्यावरून पत्ते कुणी पिसले ते कळतं. काही गेम तर खेळाडूलाही लबाडीची साधनं देतात. न्याय म्हणतात तो हाच.

यात गुणांची मोजणी अजून आलेलीच नाही. 'हान' आणि 'फू' अशी दोन मापं. फूला दोनाच्या घाताने गुणायचं, घात म्हणजे हान अधिक दोन. त्याला चाराने गुणायचं, वरच्या शंभरात बसवायचं. तीस फू आणि एक हान म्हणजे ९६०, म्हणून १०००. तीस फू, तीन हान म्हणजे ३८४०, म्हणून ३९००. डाव वाटणारा जिंकला तर दीडपट. पुण्यामुंबईचे लोक इथे हात टेकतात. यवतमाळचा माणूस टेकत नाही. सीसीआयच्या कापूस खरेदी केंद्रावर गाडी लावून, ओलावा आठ टक्क्यांवर गेला की भाव कसा उतरतो आणि बारा टक्क्यांवर गेला की गाडीच कशी परत येते, हे ज्याच्या बापाने सोसलंय, त्याला फू काय घाबरवणार! उलट त्याला एकच शंका येते: वरच्या शंभरात का बसवतात? आजवर त्याने सगळं खालच्याच आकड्यात बसलेलं पाहिलेलं असतं.

एवढा खटाटोप करून हा माणूस मिळवतो काय, असं त्याचे सोबती विचारतात. त्यांच्या मोबाइलवर तोवर रमीची अ‍ॅप्स येऊन गेली होती. त्या अ‍ॅपांना गिऱ्हाइकाचं नाव ठाऊक, बँक ठाऊक, रात्री अकराला त्याचा धीर सुटतो हेही ठाऊक. मराठीतून गोड बोलत, बोनस देत, नट-नट्यांकडून आग्रह करवत ती घरात शिरली आणि ऑगस्ट २०२५च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले तोपर्यंत बऱ्याच घरांतून बरंच काही घेऊन गेली. त्यांच्या शेजारी १९८३ सालचा तो हिरवा पडदा ठेवून बघावा. त्याला यवतमाळ नावाचं गाव असल्याचा पत्ता नाही. तो स्वागत करत नाही, शिकवत नाही, हरल्यावर धीर देत नाही, परत या म्हणत नाही. क्योटोतल्या कुणीतरी तो टोकियोतल्या कुणासाठी तरी बनवला. मूळ यंत्रात वीज गेली तर चालू डाव तसाच मरे. तो जपून ठेवायची सोयच त्यात नव्हती, आणि लोडशेडिंगच्या काळात वाढलेल्या जिल्ह्याला ही अट अगदी ओळखीची. आपल्याला काहीही विकू न पाहणारी वस्तू हल्ली इतकी दुर्मिळ झाली आहे, की माणूस तिच्यापायी जपानी आकडे शिकतो.

अर्थात शौकिनाला एकट्याने सुख भोगवत नाही. नवरात्रात तो लॅपटॉप घेऊन मंडपात जातो. राखणीला बसलेले काका चष्मा सावरून बघतात. "हे काय खेळून रायला बे?"

"माहजोंग, काका. जपानी रमीच समजा."

"जोकर कोनता?"

"जोकर नसते याच्यात."

"मंग काहाची रमी!" म्हणत काका सरकून जवळ बसतात. पुढची पंधरा मिनिटं काही विचारत नाहीत. मग म्हणतात, "थो समोरचा काड्या टाकूनच नाही रायला. काड्याच जमवते थो. तू कावून टाकतं त्याले काड्या?" शौकिनाला जे शिकायला वर्ष लागलं, ते, म्हणजे दुसऱ्याने टाकलेल्यावरून त्याच्या हातातलं ओळखणं, काकांनी पक्षी कोण आणि ड्रॅगन कोण हे न विचारताच साधलेलं असतं. लॅपटॉप त्यांच्याकडे जातो. पुतण्या फक्त कळा दाबतो. काका सांगतील ती ठेवायची, सांगतील ती टाकायची. नवव्या की दहाव्या फेरीला रीच. एक उच्चार, एक काडी. दोन फेऱ्यांनी समोरचा अडकतो आणि पडद्यावर जपानी अक्षरांची रांग धडाधड उतरते.

"किती झाले?"

"तीन हजार नऊशे, काका!"

मंडपात खळबळ उडते. पलीकडच्या डावातले दोघं पानं उपडी ठेवून उठतात.

"रुपये?"

"नाही, पॉइंट."

"किती पैशे पॉइंट?"

"पैसे नसतात याच्यात."

काका चष्मा काढून खिशात घालतात. "मंग आंधी सांगाव ना बे," म्हणतात, आणि पलीकडच्या सतरंजीवर जाऊन आपली तेरा पानं मागतात.